आई, आधी पाय सरळ कर

आई तुळजाभवानी, तू आत्ता निजली आहेस. दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघन झालं, तुझ्या मूर्तीला धक्का लागू नये म्हणून साड्यांचं दिंड बांधलं, पालखीतून प्रदक्षिणा झाली आणि नगरहून आलेल्या पलंगावर तुला निजवलं. आता कोजागरीपर्यंत तुझी श्रमनिद्रा. नऊ दिवस दैत्याशी झुंजून आई दमली, तिला कुणी उठवायचं नाही, असं माझी आजी सांगायची आणि आम्हा पोरांना ओट्यावर ओरडूसुद्धा द्यायची नाही.

मीही आज पलंगावर आहे. पुण्यातल्या एका दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर. वहिनी शेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या पेंगल्या आहेत. त्यांच्या मांडीवर माझ्या एक्सरेचं पाकीट आहे, आणि झोपेतही त्यांनी ते घट्ट धरलंय. मला झोप येत नाही. तुला उठवायचं नाही, आई. तापानं फणफणलेलं लेकरू कण्हलं की आई झोपेतच त्याच्या अंगावर हात टाकते. तेवढा हात टाक.

उद्या माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. एकाच भुलेत दोन कामं करायची आहेत. गुडघ्याखालचं हाड कापून वाकडा झालेला पाय सरळ करायचा, आणि एकोणीस वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या गुडघ्यातल्या गादीच्या जागी दुसऱ्या कुणाची तरी गादी बसवायची. टेबलावर कशाला आधी हात घालायचा ते डॉक्टर ठरवतील. माझ्या तोंडी मात्र कित्येक महिने एकच मागणं आहे, आधी पाय सरळ कर. त्याशिवाय ती गादी माझ्यात टिकायची नाही, आणि ज्याची ती आहे त्याला मी काय तोंड दाखवू?

तुला सगळं ठाऊक आहे, तरी सांगते. सांगितल्याशिवाय मन हलकं होत नाही.

धाराशिवच्या ज्या मैदानाला तुझंच नाव आहे, तिथं मी खो-खो खेळत वाढले. आठ जणी चौकोनात उकिडव्या बसायच्या, नववी पळणारीच्या मागं. पाठीवर थाप बसली, ‘खो’ ऐकला की गुडघ्यातून उसळी मारून उठायचं. मी खांबाजवळची. पळणारी खांबाला वळसा घालते तेव्हा तिच्या अंगावर सूर मारायचा, हे माझं काम, आणि ते मला येत होतं. २००६ साली एका निवड चाचणीत सूर मारायला डावा पाय रोवला. पाऊल मातीत तसंच राहिलं आणि अंग वळलं. ओल्या हरभऱ्याचा घाटा दोन बोटांत फोडावा तसा आवाज आला. फार दुखलंसुद्धा नाही. संध्याकाळी गुडघा नारळाएवढा झाला. आठ दिवसांनी सूज उतरली तेव्हा मला पुन्हा चौकोनात बसवलं. दोन महिने मी तशीच खेळले. मधेच गुडघा अडकायचा, वाकलेला पाय सरळ व्हायचाच नाही, मग खाली बसून हातानं हलवून हलवून सोडवायचा. मैत्रिणी म्हणायच्या, लचक आहे. मीही तेच म्हणायची. संघातली जागा जाईल ही भीती गुडघ्यापेक्षा मोठी होती.

मग दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. फाटलेली गादी दुमडून सांध्यात अडकली होती, ती जवळजवळ सगळी काढली. काढलेला तुकडा बाटलीत घालून आम्हाला दाखवला. ओल्या खोबऱ्याच्या कातळीसारखा पांढरा, एका कडेला चिंध्या झालेला. बापूंनी बाटली हातात घेऊन विचारलं, ‘हे नसलं तर चालतंय का?’ चालतंय, असं उत्तर मिळालं. आणि खरंच चाललं. तीन महिन्यांत मी पळायला लागले. पुढं बी.पी.एड. केलं, शाळेत खेळाची बाई झाले, पोरींना खांबाजवळ सूर मारायला शिकवलं. आठ-नऊ वर्षं गुडघ्यानं तक्रार केली नाही.

आई, गेल्या काही महिन्यांत त्या गादीबद्दल मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून हैराण केलं. गुडघ्यात दोन गाद्या असतात, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. आपण कपाळावर कोरतो तशीच चंद्रकोर. ग्रीक लोकांनीही तिचं नाव छोट्या चंद्रावरूनच ठेवलं. मांडीच्या हाडाचं टोक गोल आणि खालच्या हाडाचा माथा सपाट. गोलाला सपाटावर बसवायचं तर कडेनं उटी लावावी लागते, तशी ही गादी. चालताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. तो एका ठिपक्यावर न पडता पसरतो, तो हिच्यामुळं. १८९७ साली विलायतेतल्या ब्लँड-सटन नावाच्या नामांकित सर्जननं पुस्तकात लिहिलं होतं की ही म्हणजे पायाच्या स्नायूचा निकामी उरलेला भाग. किती पायांना त्या एका वाक्याची किंमत मोजावी लागली असेल. १९४८ साली फेअरबँक नावाच्या डॉक्टरनं गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्सरे नीट पाहिले. हाडाला कंगोरे फुटलेले, सांध्यातली फट कमी झालेली, हाडाचा गोलवा चपटा झालेला. म्हणजे २००६ साली हे कळून अठ्ठावन्न वर्षं झाली होती.

माझी गादी तेव्हा शिवता आली असती का? तिच्या बाहेरच्या काठालाच रक्त पोचतं, आतला भाग शिवला तरी सहसा जुळत नाही, असं आताचे डॉक्टर सांगतात. माझी कुठं फाटली होती ते आता कोण सांगणार? त्या माणसांवर माझा राग होता, आई. ज्यांनी काढली त्यांच्यावर, ज्यांनी मला परत चौकोनात बसवलं त्यांच्यावर, आणि गप्प राहिलेल्या माझ्यावर सगळ्यात जास्त. तो राग उद्या माझ्याबरोबर आत जाऊ देऊ नकोस. तुझ्या पायरीवर काढून ठेवते.

पाय वाकडा झालेला मला कळलाच नाही. आधी चपलेची एकच बाजू झिजायला लागली. मग एका लग्नाच्या फोटोत दिसलं की दोन्ही घोटे जुळवून उभी आहे तरी गुडघ्यांमधून मागची रांगोळी दिसते. आतल्या अंगाची कूर्चा झिजली, तसा पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला. पाय वाकला तसा भार आणखी आत सरकला, आणि भार सरकला तशी ती आणखी झिजली. शाळेचा जिना उतरताना भिंत धरायला लागले तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते.

इथल्या डॉक्टरांनी उभं करून कमरेपासून घोट्यापर्यंतचा लांब एक्सरे काढला. पडद्यावर खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत सरळ रेघ ओढली. ती गुडघ्याच्या मधून जायला हवी, माझी आतल्या काठावरून चालली होती. ते म्हणाले, ‘नुसती गादी बसवली तर या रेघेखाली तीही चिरडेल.’ मला बापूंची बैलगाडी आठवली. आख वाकलेला असला तर वंगण कितीही ओता, चाक एका अंगानंच खात जातं. बापू आधी आख काढून लोहाराकडं न्यायचे. डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांनी कागद उलटा केला, त्यावर गाडीचं चाक काढलं आणि म्हणाले, ‘हेच.’ तो कागद मी पर्समध्ये ठेवलाय.

आता मागणं मागते, आई.

उद्या ते गुडघ्याखाली आतल्या अंगानं हाड कापतील. आरपार कापायचं नसतं. बाहेरच्या अंगाला बोटाच्या पेराहून कमी हाड तसंच ठेवतात, दाराच्या बिजागरीसारखं, आणि त्या बिजागरीवर हाड हळूहळू उघडतात. एकेक मिलिमीटर. मिलिमीटराला साधारण एक अंश पाय वळतो, म्हणून घाई चालत नाही. कमी उघडलं तर वाकडेपणा राहतो, जास्त उघडलं तर बाहेरच्या गादीवर भार पडतो. मग प्लेट आणि स्क्रू. त्या बिजागरीला तडा जाऊ देऊ नकोस. छिन्नी धरणाऱ्या हाताला घाई येऊ देऊ नकोस. तुझ्याच जिल्ह्यात तेरला गोरोबाकाका चिखल तुडवत होते. मडकं कच्चं की पक्कं हे त्यांच्या थापटण्याला कळायचं, म्हणतात. तेवढं कळणं उद्या त्या हातांना दे. आणि ती फट भरून येऊ दे. येरमाळ्याला तुझी धाकटी बहीण येडेश्वरी आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत लोक तिथं रानात चुनखडी वेचतात. लहानपणी आईच्या पदराला धरून मीही मूठभर वेचली होती. त्या मुठीतला चुना माझ्या हाडात उतरू दे.

आता ज्याच्याविषयी बोलायला जीभ अडखळते, ते.

ती गादी कुणाची आहे, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचीही नाही, तसा नियम आहे. डॉक्टर म्हणाले, गादीचा काठ शाबूत असता तर जनावराच्या कंडरेतल्या प्रथिनाची जाळी शिवून भागलं असतं, माझं शरीर हळूहळू तिच्यात भरत गेलं असतं. माझा काठच उरला नाही. म्हणून माणसाचीच हवी. १९८४ साली जर्मनीत मिलाखोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी गादी बसवली, तेव्हापासून जगभर हे होत आलंय. आपल्याकडं अवयवदानाचा कायदा १९९४ चा. २०११ च्या दुरुस्तीनं त्याच्या नावातच ऊतींचाही समावेश झाला. माझ्या गुडघ्याचं माप एक्सरेवरून काढलं आणि त्या मापाची येईपर्यंत थांबायचं होतं. सात महिने थांबले. रोज फोनकडं बघायची, आणि रोज मनात यायचं की मी कशाची वाट बघतेय? कुणाच्या तरी घरच्या दुःखाची.

फोन आला तेव्हा मी मैदानावर होते. पोरींना सांगितलं, तुम्ही खेळा, आणि संडासात जाऊन रडले.

आई, कुठल्या तरी घरात दवाखान्याच्या व्हरांड्यात कागद पुढं आला असेल. बायको असेल, बाप असेल, मोठा भाऊ असेल. हृदय दिलं, डोळे दिले, हे लोक सांगतात, पेपरात येतं. गुडघ्यातली चार बोटांची चंद्रकोर दिली, हे कोण सांगतं? तरी त्या माणसानं सही केली. तो हात थरथरला असेल. त्या हाताला तू आज धर. त्या घरात या दसऱ्याला सोनं वाटलं गेलं नसेल, घट बसले नसतील, तुझी माळ चढली नसेल. त्यांची माळ माझ्या नावानं चढवून घे. आणि जे माणूस गेलं त्याला सांग की तुझी गादी धाराशिवला शाळेत जाईल, रोज मैदानाच्या कडेनं फिरेल. ती इतके दिवस गारठ्यात गोठून पडली होती, आता तिला ऊब लागेल. मूत्रपिंड बसवल्यावर लागतात तशी जन्मभराची औषधं हिला लागत नाहीत. माझ्याच शरीरातल्या पेशी हळूहळू तिच्यात शिरतात म्हणे. माझं रक्त तिला नाकारणार नाही, एवढं पाहा.

ती कायमची नाही, हेही मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. दहा-बारा वर्षं नीट गेली तरी कमाई समज, म्हणाले. पुढं कधी सगळा सांधा बदलायची वेळ येईलच, ती लांब जावी म्हणून हे सगळं. मी अडतीस वर्षांची आहे. मला दहा वर्षं पुरतील, आई. दहा वर्षांत किती पोरी मैदानावरून जातील.

माझ्या आईला ही दहा वर्षं मिळाली नाहीत. तिनं जन्मभर उकिडवं बसून खुरपलं, सोयाबीन काढलं, तुरी सोंगल्या. तिचे दोन्ही पाय माझ्याहून वाकडे आहेत. वयाप्रमाणं व्हायचंच, असं म्हणून तिनं ते अंगावर काढलं. २०१७ साली सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, नेहमी वापरतात त्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत ५४,७२० रुपयांवर आणली, तेव्हा मी तिला म्हटलं, चल. ती म्हणाली, ‘वाटी बदलली की खाली बसता येत नाही. मग खुरपू कशी?’ याच पुण्यात डॉ. कांतिलाल संचेतींनी आपल्या खाली बसणाऱ्या माणसांचा विचार करून इंडस नावाचा गुडघा घडवला, हेही मी तिला सांगून पाहिलं. ती हसली आणि पदर खोचून रानात गेली. तुझ्या देवळाच्या पायऱ्या ती आता बसून बसून उतरते. यंदा घट बसले त्याच दिवसांत परांडा-भूमकडं नद्या शेतात शिरल्या, आमच्याही शिवारात पाणी साचलं. तरी ती चिखलात सोयाबीन वेचायला गेली. तिच्या गुडघ्यांकडं बघ, आई. माझ्याआधी बघ.

मला आणखी एक हवंय. सहा आठवडे डाव्या पायावर भार टाकायचा नाही, वॉकरवर चालायचं. गुडघा ठरवून दिला तेवढाच वाकवायचा. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. पुढं कधीच पळापळीचा खेळ खेळायचा नाही. खेळ सोडणं मी पचवलंय. पडून राहणं पचत नाही. आमच्या घरात बाई दिवसा आडवी झाली की शेजारीण विचारते, बरं नाही का? सासू पाणी भरत असताना मी पलंगावर पडून बघायचं, हे मला जमेल का? पण तू तर वर्षातून तीनदा निजतेस, आई. नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा, पौषात मोहनिद्रा. तुला कुणी विचारत नाही की आई, काम सोडून का निजलीस? पुजारी पडदा ओढतात, पलंगाला हात लावून माणसं परततात. माझ्या घरच्यांच्या मनात तेवढाच पडदा ओढ. आणि मला निजण्याची लाज वाटू देऊ नकोस. उठायची घाई मलाच होईल, मी स्वतःला ओळखते. २००६ मध्येही घाई माझीच होती.

आणि माझ्या पोरी. खो-खो खेळणाऱ्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला त्या दिवसापासून धाराशिवच्या गल्लीतली प्रत्येक पोर खांबाला वळसा घालून बघते. त्यांचे गुडघे सांभाळ. एखादीचा गुडघा अडकला, मिटलेला उघडेना झाला, सुजला, तर तिच्या तोंडून ते बाहेर येऊ दे. जागा जाईल म्हणून तिनं गिळू नये. आणि तिनं सांगितलं की समोरच्या खेळाच्या शिक्षकाला ऐकू येऊ दे. मी त्या दिवशी मैदानावर नसेन, म्हणून तुला सांगून ठेवते. माझ्या जागी आलेल्या मास्तरांना मी चिठ्ठी लिहून दिली आहे, तीत हेच लिहिलंय.

नवस बोलायचा तर आई, काही वर्षांपूर्वी मी कोजागरीला सोलापूरहून पायी तुझ्याकडं आले होते. रात्रभर हजारो पाय त्या रस्त्यानं चालतात, मीही चालले. पहाटे घाट चढताना डावा पाय ओढत आले आणि तुला म्हटलं, बरा कर, लोटांगण घालीन. लोटांगण आता जमायचं नाही. गुडघ्यावर टेकणंसुद्धा कदाचित जमणार नाही. नवस मोडला असं धरू नकोस. पाय सरळ झाला की राजे शहाजी महाद्वारापाशी दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी राहीन आणि तिथूनच कळसाला हात जोडीन. आत येताना पायऱ्या एकेक करून उतरीन, कठडा धरून. चिंतामणीच्या दगडापुढं बसून कौल मागणार नाही. दगड उजवीकडं वळला काय, डावीकडं वळला काय, मी आता हो म्हटलंय.

वहिनी जागी झाल्या. विचारतायत, काय पुटपुटतेस? काही नाही म्हटलं.

संध्याकाळी एक तरुण डॉक्टर येऊन माझ्या डाव्या मांडीवर निळ्या शाईनं बाण काढून गेला, चुकून उजवा पाय उघडू नये म्हणून. पुसू नको म्हणाला. मी त्यावर चादरसुद्धा ओढलेली नाही. सकाळी सात वाजता नेणार आहेत.